खर्ज सांभाळताना

एप्रिलचा तिसरा आठवडा आला की माझा बेस मला बोचायला लागतो. डावा तळवा मानेवरून खालीवर फिरवला की फ्रेटची टोकं कातडीला लागतात, बोथट करवतीच्या दात्यांसारखी. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्डाचं लाकूड रुंदीत आक्रसतं. फ्रेट धातूचा, तो आहे तेवढाच राहतो, आणि केसाएवढी टोकं दोन्ही कडांनी बाहेर डोकावतात. जूनमध्ये पाऊस बसला की लाकूड पुन्हा फुगतं आणि टोकं आत जातात. मग दुसरी तक्रार सुरू होते. मान किंचित पुढे झुकते, तारा उचलल्यासारख्या होतात, आणि मार्चमध्ये लोण्यासारखी वाजणारी ओळ जुलैत बोटांना ओढून काढावी लागते.

पहिल्या वर्षी मला वाटलं, वाद्यातच खोट आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, आपल्यालाच वाजवता येत नाही. तिसऱ्या वर्षी मी एक वही घातली. साधी शंभरपानी. तारीख, आभाळ कसं आहे, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे, मी काय फिरवलं, किती फिरवलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. दोन पावसाळे गेल्यावर त्या वहीत एक चाल दिसायला लागली. मग मित्रांचे बेस आले, मित्रांच्या मित्रांचे आले, वह्या वाढल्या. हे पुस्तक त्या वह्यांमधून निघालं आहे.

बेस कसा वाजवावा हे इथे शिकवलेलं नाही. तो निवडावा कसा, सांभाळावा कसा, आणि त्यात हात घालायचाच तर कुठवर घालावा, एवढाच विषय आहे. माझं म्हणणंही थोडकं आहे. चांगला बेस दुकानातून आणता येत नाही. दुकानातून येतो तो कच्चा माल. तो आपल्या हाताला, आपल्या घराला आणि आपल्या गावच्या हवेला जुळवून घ्यावा लागतो, आणि ही जुळवणी नीट झाली तर ज्याला आपण 'मॉडिफिकेशन' म्हणून मिरवतो त्यातलं बरंचसं करावंच लागत नाही.

आता नावाचा घोळ. काही जण 'बास' म्हणतात, आणि मराठीत 'बास' म्हणजे पुरे, तेव्हा घरच्यांना एक विनोद आयताच मिळतो. 'बेस' म्हणावं तर पुण्यात त्याचा पहिला अर्थ गिटार नव्हेच. रिक्षातला स्पीकर, लग्नातला डीजे, विसर्जन मिरवणुकीत छातीची फासळी हलवणाऱ्या भिंती, हा आपला बेस. 'बेस वाढव रे' म्हणजे धडधड वाढव. या पुस्तकातला बेस त्याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. तो चांगला वाजत असला की कोणाच्या लक्षातही येत नाही. मध्येच थांबला की मात्र प्रेक्षक मान वर करतात, काय गेलं ते त्यांना सांगता येत नाही, पण काहीतरी गेलं हे कळतं.

हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे त्याला खर्ज म्हणतात. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात गायक बसण्याआधी तानपुरे लागत असतात तेव्हा ज्याचा कान तयार आहे तो चौथ्या तारेकडे बघत असतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज षड्ज सुमारे ६९ हर्ट्‌झला येतो. बेस गिटारच्या ए तारेवर चौथा फ्रेट दाबा, नेमका तोच स्वर मिळतो. कधीतरी घरात तानपुरा असेल, किंवा मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप असेल, तर हे करून बघाच. दोन अगदी वेगळ्या घराण्यांतली माणसं एकाच आडनावाची निघावीत तसं वाटतं.

साम्य एवढ्यावर संपत नाही. पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी वर्षानुवर्षं तानपुरे घेऊन जाते आणि जवारी काढून परत आणते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गवयांच्या लेखी ते मानांकन कितीतरी आधीचं आहे. जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानशीने इतका हलका घासतो की बघणाऱ्याला काही झालंच नाही असं वाटतं. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, थोडा पुढे, थोडा मागे, आणि एका ठिकाणी तार अचानक बोलायला लागते. बेसच्या 'सेटअप'मध्ये याहून वेगळं काही नाही. तार कशावर टेकते, किती उंचीवर टेकते आणि तिला थरथरायला किती जागा मिळते, एवढा हा सगळा खेळ आहे. गंमत अशी की तानपुऱ्याला जवारीची गरज असते हे ज्यांना उपजत कळतं, त्याच घरातला मुलगा बेस आणतो आणि तो खोक्यातून निघाला तसाच पाच वर्षं वाजवतो.

थोडं मागे जाऊ. बेस गिटारच्या आधी खर्जाचं काम डबल बेसकडे होतं, माणसाएवढं उंच लाकडी धूड, वाहून न्यायला जिवावर येणारं आणि ट्रंपेटांच्या गोंगाटात ऐकू न येणारं. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच गिटारसारखा आडवा धरायचा विजेवरचा बेस केला होता, पण तो फार पसरला नाही. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने 'प्रिसिजन बेस' आणला आणि चित्र बदललं. त्याला फ्रेट होते, म्हणून सूर नेमका लागायचा, म्हणून 'प्रिसिजन'. घोडीपासून नटपर्यंत तारेची लांबी ३४ इंच ठेवली, ती आजही बहुतेक बेसची तेवढीच आहे. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसे. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, पुण्याच्या तपकीर गल्लीत, आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, शोभून दिसला असता. आणि म्हणूनच त्याने वाद्यही रेडिओसारखंच उघडता येईल असं बनवलं. मान शरीराला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी आवळली. मान वाकली, काढा, दुसरी लावा. पिकअप गेला, झाकण उघडा, डाग काढा, नवा द्या. व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा अडाणीपणा होता. पुस्तकातली दुरुस्तीची सगळी प्रकरणं मात्र या अडाणीपणाच्या जिवावर उभी आहेत.

१९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप आला. १९६० मध्ये जॅझ बेस आला, बारीक मानेचा, दोन पिकअपचा. १९७६ मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला, त्यात बॅटरीवर चालणारं सर्किट होतं. पुण्यात आज कुठल्याही दुकानातला कुठलाही बेस उचला, तो बहुधा या तिघांपैकी कोणाचा तरी पुतण्या किंवा भाचा निघतो. ही नातेवाइकी ओळखता आली की निवड निम्मी सोपी होते.

आपल्याकडे हे वाद्य सिनेमाच्या वाटेने कानावर पडलं. राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बेस आहे. ती गाणी पाठ असलेल्या लाखोंना तो वेगळा काढून ऐकवा म्हटलं तर जमणार नाही, आणि तरी तो काढला तर गाणं ओळखू येणार नाही. पुण्यात ऑर्केस्ट्रावाल्यांनी तीच गाणी बालगंधर्वच्या रंगमंचावर आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत वाजवली, तेव्हा बेसवाला सहसा मागे, ड्रमच्या शेजारी, अर्धा अंधारात. कॉलेजची पोरं १९७४ पासून फिरोदिया करंडकात एकाच प्रयोगात नाटक, चित्र, नाच आणि संगीत कोंबत आली आहेत, आणि कित्येकांच्या हातात बेस पहिल्यांदा आला तो तिथेच, कारण गिटारवाले चार होते आणि बेसवाला एकही नव्हता. मीही त्यातलाच. २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि मुलांना परदेशी बेसवाले हातभर अंतरावरून दिसायला लागले. आता बेसवादक मोहिनी डे हे नाव मुंबईच्या लोकलमधल्या पोरीलाही माहीत असतं. बेसवाला अंधारातून थोडा पुढे सरकला आहे, एवढं खरं.

निवडीकडे येऊ. दुकानात शिरल्यावर भिंतीवर टांगलेले बेस दिसतात आणि डोळे रंगावर जातात. जाऊ द्यावेत, कारण रोज हातात घ्यावंसं वाटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण त्यानंतर बेस पट्ट्याने गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभं राहा. वजन साधारण चार किलो असतं, आणि दुकानदाराच्या स्टुलावर बसून ते कळत नाही. दोन्ही हात सोडून द्या. मान जमिनीकडे झेपावत असेल तर वाजवताना तुमचा डावा हात आयुष्यभर तिला उचलून धरण्याची हमाली करणार आहे. हात लहान असतील तर ३० इंची शॉर्ट स्केल बघायला लाजू नका. पाच तारांचा मोह सर्वांनाच होतो. खालची बी तार ३१ हर्ट्‌झला वाजते आणि तो स्वर पेलणारा स्पीकर तुमच्याकडे असण्याची शक्यता कमी आहे, एवढंच लक्षात ठेवून मोहात पडा.

जुना बेस घेताना मी मात्र कठोर आहे. डोक्याच्या बाजूने बंदुकीसारखा डोळ्याला लावा आणि मानेच्या दोन्ही कडा बघा. झोक एकाच दिशेचा, हलका असेल तर चालेल, मानेतल्या ट्रस रॉडने निघेल, त्याबद्दल पुढे येईलच. पीळ असेल, म्हणजे दोन कडा वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर नमस्कार करून बाहेर पडा. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, चारही तारांवर, वीस किंवा एकवीस फ्रेट. विकणारा कंटाळतो. कंटाळू द्या. नॉब फिरवून खरखर ऐका, पण खरखरीसाठी सौदा मोडू नका, ती शंभरेक रुपयांच्या स्प्रेने जाते. ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का हे विचारा, आणि विकणाऱ्याने 'त्याला हात लावू नका' म्हटलं तर का, ते समजून घ्या.

आणि तो घरी न्यायचा कसा याचाही विचार करा. पुण्यात बेस ॲक्टिव्हावरून जातो. पिशवीसकट लांबी चार फुटांच्या घरात, पाठीवर अडकवला की डोक्यावर हातभर वर मान निघते. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत जाताना मी सवयीने वाकलो. बेस वाकला नाही. डोक्यावरची एक खुंटी आजही थोडी वाकडी आहे.

पुस्तकाचं सर्वांत जाड प्रकरण जुळवणीचं आहे, आणि ते तसं का आहे हे सांगायला हवं. चार तारा मिळून मानेला सुमारे ७५ ते ८० किलोने ओढत असतात, दिवसरात्र, तुम्ही वाजवत असा वा नसा. एक धडधाकट माणूस त्या फळीला कायम लोंबकळतो आहे असं समजा. त्याच्या विरुद्ध दिशेने लाकडाच्या आतून एक पोलादी गज मान मागे ताणतो, हा ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू याला या कल्पनेचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. मान पूर्ण सरळ नको असते. तार मध्यावर सर्वांत जास्त झुलते, म्हणून तिथे तिला थोडी पोकळी लागते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघायची. ०.३ मिलिमीटर असावी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची. माझ्या बेसच्या पेटीत एका प्लंबरचं कार्ड आहे. त्याला मी कधी बोलावलं नाही, पण वर्षातून चार वेळा त्याचं नाव वाचतो.

कार्ड सैल फिरलं तर रॉड आवळायचा, शिरतच नसेल तर सैल सोडायचा. पाव फेरा. त्याहून जास्त नाही. आणि रात्रभर थांबायचं, कारण लाकूड सरकारी फाइलीसारखं सावकाश हलतं. मगच घोडीवरच्या खोगिरांची उंची, सतराव्या फ्रेटवर दोन मिलिमीटरच्या आसपास. मग सूर: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर, दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला चढा लागला तर खोगीर मागे, उतरला तर पुढे. हा क्रम बदलला तर सगळं पुन्हा करावं लागतं. मी सुरुवातीला उलटा क्रम करून दोन रविवार घालवले आहेत.

घालवलेल्या रविवारांहून वाईट एक गोष्ट केली, तीही सांगतो. मित्राचा अमेरिकन बनावटीचा बेस माझ्याकडे आला होता. रॉडला पाचची ॲलन की शिरेना. साडेचारची शिरली. थोडी सैल होती, पण फिरेल असं वाटलं. फिरली, आणि हाताला एक गुळगुळीतपणा जाणवला. तो जाणवणं म्हणजे नटाचे कोपरे गेले असं समजायचं. त्या बेसला ३/१६ इंचाची चावी लागते. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर, माझ्या दोन्ही चाव्यांच्या बरोबर मधलं माप. अमेरिकन बेसला बहुधा इंची चावी लागते, इंडोनेशिया-चीनकडून येणाऱ्यांना मिलिमीटरची. दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत गेलो तर पहिल्याच दुकानात इंची सेट मिळाला, आणि दुकानदाराने विचारलं, 'कशाला हवा?' मी सांगितलं नाही. मित्राला मात्र सांगावं लागलं.

फिंगरबोर्डाचं लाकूड या कहाणीत एक वेगळाच धागा आणतं. जगभरच्या असंख्य बेसच्या मानेवर काळसर तपकिरी पट्टी दिसते, ती कित्येकदा आपली शिसवी असते. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं, आजीच्या पाटाचं आणि पाळण्याचं लाकूड. आधी ब्राझीलची शिसवी वापरत, ती दुर्मीळ झाल्यावर भारतीय शिसवीवर भार आला. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय परवान्यांच्या कक्षेत गेला, आणि कारखान्यांनी धडाधड दुसरी लाकडं लावली. फेंडरच्या मेक्सिकोत बनणाऱ्या वाद्यांवर त्या वर्षी पाउ फेरो नावाचं दक्षिण अमेरिकन लाकूड दिसायला लागलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सवलत मिळाली. तेव्हा २०१७ ते २०१९ मधला बेस हाती लागला आणि पट्टी थोडी फिकट, लालसर दिसली तर घाबरू नका, ती नकली नाही. शिसवीला वर्षातून दोनदा तेलाचा हलका हात लागतो, त्यातला एक उन्हाळ्याच्या तोंडावर. मेपलच्या पॉलिश केलेल्या पट्टीला तेल लावू नका. आणि घरात खोबरेल आहे म्हणून ते लावू नका, खवट वास पुढल्या श्रावणापर्यंत जात नाही. कसं माहीत, विचारू नका.

तारांबद्दल लोक भांडतात. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा वाजवायचा आणि तुटेपर्यंत बदलायचा नाही, असं त्याच्याबद्दल सांगतात. दुसरीकडे असे लोक आहेत ज्यांना राउंडवाउंडची चमक दोन महिन्यांत गेली की जेवण जात नाही. पुण्याच्या पावसाळ्यात घामट हातांखाली तारा लवकर मरतात हे खरं. मग कोणी तरी पातेल्यात त्या उकळतो. उकळल्यावर तारा खरोखर थोड्या जिवंत होतात, गुंडाळीत अडकलेला मळ सुटतो. पण पाच-सहा दिवसांत पुन्हा जैसे थे, आणि ओल राहिली तर आतून गंज. पातेलं स्वतःचं असावं, ही एक जास्तीची सूचना.

विजेचं प्रकरण मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा सुटसुटीत लिहिलं होतं, मग एका मांडवातला प्रसंग आठवला आणि सगळं फाडलं. आधी गमतीचा भाग. आपली वीज ५० हर्ट्‌झची. बेसची सगळ्यात खालची ई तार ४१ हर्ट्‌झ, त्यावरची ए ५५. म्हणजे वायरिंगमधली घरघर आपल्याकडे जवळजवळ जी स्वरात येते, ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटला खेटून, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, तिथली घरघर ए शार्प आणि बी यांच्या मधोमध. त्यामुळे तिकडच्या व्हिडिओत बघून तुमच्या घरघरीचा सूर ओळखायला जाल तर चुकाल. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती विरते, कारण दोन पिकअप एकमेकांची घरघर खोडतात. एक कमी केला की परत येते. तारांना हात लावल्यावर घरघर थांबत असेल तर बेसचं अर्थिंग ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर बहुधा घोडीखालची वायर सुटली आहे, तिथे डाग द्यावा लागेल.

आणि आता तो मांडव. तारा म्हणजे अर्थ, तारांवर हात म्हणजे तुम्ही अर्थला जोडलेले. समोरचा माइक दुसऱ्या फेजवरच्या, अर्थ नसलेल्या बोर्डातून येत असेल आणि त्यात कुठे गळती असेल तर ओठ माइकला लागताच सर्किट तुमच्यातून पूर्ण होतं. मी कोरससाठी पुढे झालो आणि मागे फेकला गेलो. जखम ओठाला झाली, भीती अजून आहे. मांडवातल्या तीन पिनच्या सॉकेटला तिसरी वायर जोडलेलीच नसते, हे गृहीत धरून चाला. खिशात टेस्टर ठेवा, माइकच्या जाळीला लावून बघा, आणि लोक हसले तर हसू द्या. जुन्या वाड्यांत दोन पिनांचे बोर्ड अजून आहेत. तिथे अँप लावण्याआधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

बॅटरीच्या बेसबद्दल एकच ओळ, पण ती भिंतीवर लिहून ठेवा: वाजवून झालं की केबल काढा. केबल खोचणं हाच त्या सर्किटचा स्विच आहे. ती आठवडाभर तशीच राहिली तर नऊ व्होल्टची बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते, आणि तिचा प्राण नेमका कार्यक्रमाच्या दुसऱ्या गाण्यात जातो.

फेरफारांचं प्रकरण वाचायला सर्वांना घाई असते. तपकीर गल्लीत २५० के चे पॉट मिळतात, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मूठभर पैशांत येतो, आणि डाग द्यायला हात वळवळतो. मी एका बेसचे पिकअप बदलले. मग प्रीअँप घातला. मग घोडी बदलली, जड पितळेची. तीन महिने आणि बरेच पैसे गेल्यावर एका जाणत्या बेसवाल्याने तो हातात घेतला, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि पिकअप दीड मिलिमीटर खाली केला. इतके दिवस चुंबक तारांना ओढत होते आणि मी ते ओढणं आवाजातला दोष समजत होतो. काढलेले जुने पिकअप परत बसवले. ते चांगलेच होते.

म्हणून पुस्तकात फेरफारांची एकच विभागणी केली आहे: परत फिरता येणारे आणि न येणारे. काढलेली प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवीवर तारीख. लाकडाला भोक पाडायचं असेल तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा थांबा. न परतणाऱ्यांतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जेको पास्टोरियस याचं. त्याने १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट उपटून काढले, लोणी लावायच्या सुरीने काढले असं तो सांगायचा, आणि लाकडावर होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचा थर चढवला. त्यातून मींडेसारखा गाणारा आवाज आला आणि बेसचा इतिहास फिरला. हे ऐकून आपल्याकडे किती बेसचे फ्रेट उपटले गेले ते मी बघितलं आहे. जेको आधी फ्रेट नसतानाही सुरात होता, हा तपशील उपटणारे विसरतात. मींड हवीच असेल तर फ्रेट नसलेली वेगळी मान मिळवा. चार स्क्रू, अर्धा तास, आणि मूळची मान कपाटात सुखरूप. फेंडरचा अडाणीपणा इथे कामी येतो.

एका मित्राने तर शरीरच नवं केलं. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा पडला तेव्हा एक तुळई त्याने राखून ठेवली होती, सागाची, शंभरएक पावसाळे पाहिलेली. टिंबर मार्केटमध्ये कापून घेतली, सुताराकडून आकार काढून घेतला. रंधा मारताना त्या लाकडाचा वास सुटला तेव्हा त्याची आई खाली येऊन उभी राहिली. साग बेसच्या नेहमीच्या आल्डरपेक्षा बराच जड, त्यामुळे वाद्य पाच किलोंच्या पुढे गेलं. तासाभरात खांदा बोलायला लागतो. एका कोपऱ्यात खिळ्याचं जुनं भोक आहे, तिथे म्हणे पूर्वी कंदील टांगायचे. ते बुजवू का, असं सुताराने विचारलं होतं.

अँपवर जास्त लिहिलेलं नाही. ई तारेच्या मूळ स्वराची लाट हवेत साधारण २७ फूट लांब असते आणि आपल्या बेडरूम दहा बाय बाराच्या, त्यामुळे घरातला बेस तुम्हाला जागेगणिक कमीजास्त ऐकू येतो. खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र तो नेहमीच ऐकू येतो, कारण तो स्लॅबमधून जातो. अँप कोपऱ्यातून काढा, जमिनीवरून उचला, खाली जाड काथ्याची चटई घाला, रात्री दहानंतर हेडफोन लावा. १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॉटचा होता आणि त्याचं नुसतं डोकं उचलायला दोन माणसं लागत. आज तेवढी ताकद दोन-तीन किलोंच्या डबीत येते. जिन्याच्या इमारतीत राहणाऱ्यांनी यापुढे जुन्या आवाजाच्या आठवणी काढू नयेत.

शेवटच्या पानांवर रिकामा तक्ता छापला आहे. तारीख, हवा, फट, उंची, काय केलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. पेन्सिलने भरा. माझ्या अंदाजांवर विसंबू नका, तुमची मान माझ्या मानेसारखी वागेलच असं नाही. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरचा बेस आणि पेठेतल्या तळघरातला बेस मी शेजारी ठेवून बघितले आहेत, एकाच कारखान्याचे, एकाच वर्षीचे, आणि दोघे जुलैत वेगवेगळ्या दिशांना गेले होते. माझ्या वहीतली ताजी नोंद अशी आहे: १२ जून. रात्रीपासून पाऊस. कार्ड सैल. पाव फेरा आवळला. तेरा जूनचा रकाना अजून कोरा आहे.